आबांचं फडकं आणि काळ्या गाडीवरची जाळी

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वाचकाने लिहिलंय. वय 36, नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन 44 किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी काळी हॅचबॅक घेतली, घरातली पहिली चारचाकी. वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. आबा रोज सकाळी सहाला उठून जुन्या बनियनच्या फडक्याने गाडी कोरडी पुसतात, आणि महिन्यातून एक-दोनदा चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवतात. मागच्या महिन्यात पेट्रोल पंपावर भर उन्हात वाचकाच्या लक्षात आलं की अख्ख्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे आहेत. घरी येऊन त्यांनी वडिलांना तोंडावर सांगितलं, "तुम्ही गोल गोल पुसता म्हणून हे झालं, यापुढे गाडीला हात लावू नका." तेव्हापासून आबा गाडीकडे बघतही नाहीत. एका दुकानात सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक थराचे, 28 हजार सांगितलेत, वर असंही सांगितलंय की एकदा केलं की तीन वर्षं ओरखडा पडणार नाही. मित्र म्हणतो कशाला पैसे घालवतोस, ऑनलाइन बफिंग मशीन, म्हणजे पॉलिश घासायचं मशीन, मागव आणि दर दोन महिन्यांनी घरीच पॉलिश मार. वाचकाचा प्रश्न: कोटिंग करू की मशीन घेऊ, आणि आबांना कसं समजावू?

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी वाचलं, दुसऱ्यांदा आबांसाठी. दोन्हीबद्दल लिहिते, पण आधी गाडीचं बघू, कारण गाडीचं नीट कळलं की आबांशी काय बोलायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल असं मला वाटतं.

आज रात्री एक गोष्ट करून बघा. स्वयंपाकघरातलं रोज घासणीने घासलेलं स्टीलचं ताट घ्या आणि बल्बखाली धरा. बल्बचं प्रतिबिंब जिथे पडतं त्याच्या भोवती बारीक गोल गोल रेघा दिसतील. आता ताट तसंच ठेवून मोबाइलचा टॉर्च लावा आणि तो हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. गोलसुद्धा टॉर्चबरोबर सरकत जाईल. म्हणजे ओरखडे गोल नाहीयेत! ते सगळ्या दिशांनी आहेत, पण उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच रेघा चमकतात, बाकीच्या दिसतच नाहीत, म्हणून आपल्याला उजेडाभोवती जाळं विणल्यासारखं वाटतं. हाच टॉर्च गाडीच्या बॉनेटवर फिरवा, तिथेही तेच होईल.

त्यामुळे "आबा गोल पुसतात म्हणून गोल ओरखडे पडले" हा तुमचा पहिलाच निष्कर्ष चुकलाय. त्यांनी सरळ पुसलं असतं, उभं पुसलं असतं, तरी दोन वर्षांत हेच दिसलं असतं. ओरखडे पडले ते कोरडं पुसल्यामुळे. गाडीवर रात्रभर जी धूळ बसते तिच्यात वाळूचे, खडीचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या वरच्या थरापेक्षा कितीतरी कडक असतात. कोरडं फडकं त्यांना उचलत नाही, फक्त दाबून फरफटत नेतं. बनियन कितीही मऊ असू दे, ओरखडा बनियन पाडत नाही, बनियन आणि गाडीच्या मध्ये अडकलेला कण पाडतो. आणि त्यात डिझेल. डिझेलने चमक येते ती तेलाच्या पातळ थराची, त्या थराला पुढच्या दोन तासांत धूळ चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती चिकटलेली धूळ परत कोरड्या फडक्याने घासली जाते. शिवाय आधी वॅक्स लावलं असेल तर तेही डिझेलने निघून जातं आणि काचेभोवतीचं रबर हळूहळू खराब होतं.

पण आबा चुकीचं शिकले होते असं समजू नका. त्यांच्या उमेदीच्या काळातल्या गाड्यांचा रंगच वेगळा होता. फियाट, अॅम्बेसेडर, त्या वेळच्या बस-ट्रक, यांवर जो साधा रंग असायचा तो वरपासून खालपर्यंत रंगच असायचा, वर पारदर्शक थर नसायचा. उन्हाने तो वरून पांढरट, खडूसारखा व्हायचा, पॉलिश लावून घासलं की तो मेलेला थर फडक्यावर यायचा आणि खालचा ताजा रंग दिसायचा. घासलं की गाडी नवी व्हायची, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. तुमच्या गाडीवर मात्र काळ्या रंगावर एक पारदर्शक थर आहे, त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची सगळी चमक त्या थराची, आणि उन्हापासून रंगाला वाचवणारं औषधही त्याच थरात. ओरखडे आहेत तेही त्यातच.

आता हा थर किती जाड? झेरॉक्सचा एक साधा कागद हातात घ्या, तो साधारण 100 मायक्रॉनचा असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून, म्हणजे गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट, हे सगळं मिळून जेमतेम एक ते दीड कागद होतं. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉन, म्हणजे अर्धा कागद! तुम्हाला गाडी जितकी वर्षं वापरायचीय तितकी वर्षं तो अर्धा कागद पुरवायचाय.

म्हणून मित्राच्या सल्ल्याने मला काळजी वाटली. पॉलिश करणं म्हणजे काहीतरी वर चढवणं असं बहुतेकांना वाटतं, तुम्हीही पत्रात "पॉलिशचा थर" असा शब्द वापरलाय. पण पॉलिश थर चढवत नाही, पॉलिश थर काढतं. ओरखडा भरून येत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणला जातो, मग सगळं एका पातळीत आलं की रेघ दिसायची थांबते. बारीक पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडने, म्हणजे जाडसर कणांच्या पॉलिशने, आणि मशीनने त्याच्या दुप्पट-चौपट जाऊ शकतो. हे दोन-तीन वर्षांतून एकदा केलं तर काही बिघडत नाही. दर दोन महिन्यांनी केलं, म्हणजे वर्षाला सहा वेळा, तर हिशोब तुम्हीच करा. आणि उन्हापासून वाचवणारं औषध त्या थरात असल्यामुळे थर पातळ झाला की ऊन आत पोचतं, मग छतावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटायला लागतात. रस्त्यावर अशा गाड्या तुम्ही बघितल्या असतील, छत असं की जणू त्वचा सोलतेय. ते झालं की घरी काहीही करून उपयोग नाही, पेंटरकडेच जायचं.

माझ्याकडून हे झालेलं आहे म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय. माझ्याकडे एक लाल सेकंडहँड गाडी होती. बॉनेटची चमक गेली होती म्हणून मी ड्रिल मशीनला स्पंजचा गोळा लावला, बाजारातून कंपाउंडचा डबा आणला आणि एका दुपारी अंगणात सुरू झाले. मधला भाग मस्त निघाला, आरसाच. मग त्या उत्साहात मी बॉनेटच्या कडेवर, जिथे पत्रा वळतो, तिथे मशीन थोडं जास्त टेकवलं. दहा-बारा सेकंद असेल. कापडाने पुसलं तर कडेला बोटभर लांबीची करडी रेघ. मला वाटलं कंपाउंड वाळलंय, म्हणून परत पुसलं, ओल्या फडक्याने पुसलं, मग नखाने बघितलं, आणि तेव्हा कळलं की तो खालचा प्रायमर आहे. पत्रा वळतो तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तेवढ्याशा जागेवर येतो, हे मला त्या दिवशी समजलं. अख्खं बॉनेट परत रंगवावं लागलं, आणि पेंटरने कितीही चांगलं काम केलं तरी तो लाल आणि दाराचा लाल कधीच तंतोतंत जुळला नाही.

आता कोटिंगकडे येते. सिरॅमिक कोटिंग फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, चांगलं असतं. पाणी थांबत नाही, चिखल पटकन सुटतो, पक्ष्यांच्या शिटेला आणि डागांना थोडा जास्त वेळ दाद देत नाही, धुणं सोपं होतं. पण "ओरखडा पडणार नाही" हे जे तुम्हाला सांगितलंय ते खरं नाही. जाहिरातीत 9एच असं लिहिलेलं असतं, ते पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, म्हणजे 9एच पेन्सिलने ओरखडा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिल नाही. कोटिंग केलेल्या गाडीवर रोज कोरडं फडकं मारलं तर त्या कोटिंगवरही जाळी येईल, आणि मग 28 हजारांवर जाळी आली याचा राग जास्त येईल. दुसरं म्हणजे कोटिंगच्या आधी खालचे ओरखडे मशीनने काढावेच लागतात, नाहीतर ते कोटिंगखाली तसेच बंद होतात. त्यामुळे कोणी "दोन तासांत कोटिंग करून देतो" म्हणालं तर तिथून निघा.

माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही नको. आधी गाडी पुसायची पद्धत बदला. भोक बुजवल्याशिवाय हंडा भरून काय उपयोग? सहा महिने नीट धुऊन बघा, मग जाळी खरंच डोळ्यात खुपते का ते ठरवा. आणि एक प्रश्न मनाशी विचारा, ही जाळी कुठे दिसते? भर उन्हात, गाडीपासून दोन फुटांवर उभं राहून, मान वाकडी करून. काळ्या रंगावर तर जास्तच, तेच ओरखडे पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर तुम्हाला शोधून सापडले नसते. गाडी शोरूमसारखी दिसावी ही इच्छा मला समजते, घरातली पहिली गाडी आहे, पण रोज 44 किलोमीटर रस्त्यावर धावणारी गाडी आणि काचेमागे उभी असलेली गाडी यांची तुलना करू नका.

धुण्याचं सांगते, कारण खरं काम तिथेच आहे आणि हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल. आठवड्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात चिखल असेल तर दोनदा. सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, आणि बॉनेटला हात लावून थंड आहे हे बघूनच. सगळ्यात आधी नुसतं पाणी, फडकं नाही, हात नाही, वरून खाली नुसतं पाणी, म्हणजे सुटी धूळ वाहून जाते. नळी नसेल तर कुंड्यांवर फवारायला दोन लिटरचा हातपंप मिळतो तो घ्या, त्याने अख्खी गाडी भिजते आणि पाणी फार लागत नाही. तुमच्या भागात घरोघरी द्राक्षबागेचा फवारणी पंप असतो, तो मात्र वापरू नका, त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो, गाडीलाही वाईट आणि हातालाही.

मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू घातलेलं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा मिळतो, तो शाम्पूत बुडवायचा, एक भाग हलक्या हाताने धुवायचा, मग साध्या पाण्याच्या बादलीत मोजा खळखळून धुऊन घाण तिथे सोडायची, आणि मगच परत शाम्पूत. साध्या बादलीच्या तळाशी शेवटी जी रेती जमलेली दिसेल ती बघा आणि आबांनाही दाखवा, इतके दिवस ती रेती बनियनमध्ये होती. छत, काचा, बॉनेट, मग दारं, आणि खालचा पत्रा व चाकं सगळ्यात शेवटी, चाकांचं फडकं वेगळंच ठेवा. भांड्यांचं लिक्विड आणि कपड्यांची पावडर नको, त्याने वॅक्स उतरतं.

पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही, ही गोष्ट बोअरचं पाणी असलेल्या सगळ्यांसाठी महत्त्वाची आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं आणि पांढरी कड मागे राहते, काळ्या गाडीवर तर रांगोळीचे ठिपके काढल्यासारखी दिसते. नुकतेच पडलेले डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून ओल्या फडक्याने एखादं मिनिट ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. जुने झाले की ते थरात उतरतात, मग पॉलिशशिवाय जात नाहीत. म्हणून धुतल्या धुतल्या मोठा, जाड मायक्रोफायबरचा टॉवेल अंथरायचा आणि नुसता ओढून घ्यायचा, रगडायचं नाही. टॉवेलचं लेबल कापून टाका, ते टोचतं. आणि एकदा जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी परत गाडीला लावायचा नाही, कितीही झटकला तरी नाही. ही फडकी घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका आणि त्यांना कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका, त्याने धागे बुजतात.

तुमच्या भागातल्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवतात, कारखान्याची धुराडी चालू असतात, आणि सकाळी गाडीवर काजळीचे काळे तुकडे पडलेले असतात. काळ्या गाडीवर ते दिसत नाहीत म्हणून जास्त धोका. त्यावर फडकं फिरवलं की काजळी पसरते आणि तिच्याबरोबरची राख घासते. नुसतं पाणी मारा, फुंकर मारली तरी अर्धी उडते. दुसरं, बागेत बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी चालू असताना गाडी बांधावर उभी करू नका, वाऱ्याने उडालेले निळसर-पांढरे ठिपके पडले तर त्याच दिवशी धुऊन टाका.

तुम्ही लिहिलंय गाडी कडुनिंबाखाली उभी असते आणि पक्षी फार घाण करतात, म्हणून उन्हात लावू का. मी सावलीच निवडेन. फक्त शीट दिसली की वाट बघायची नाही, आणि कोरडी खरवडायची तर मुळीच नाही. फडकं पाण्यात भिजवून तिच्यावर नुसतं ठेवा, पाच-दहा मिनिटांनी उचला, सगळं त्याच्याबरोबर निघून येतं. ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर राहिली तर एका दुपारीसुद्धा खोल डाग पडतो, म्हणून डिकीत पाण्याची बाटली आणि एक फडकं कायम असू द्या. कव्हर घालायचं असेल तर फक्त धुतलेल्या गाडीवर. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं की वाऱ्याने ते रात्रभर हलतं आणि आबा जे दहा मिनिटं करत होते ते कव्हर दहा तास करतं.

आता वॅक्स. गाडीला वर काही चढवायचं असेल तर ते हे, आणि ते घरी मजेत जमतं. कार्नोबा नावाचं मेण असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं, त्याची चमक काळ्या रंगावर फार खुलते पण आपल्या उन्हा-पावसात महिना-दीड महिना टिकतं. सिंथेटिक सीलंट मिळतं ते त्याहून बरंच जास्त टिकतं. मी तुम्हाला वर्षातून दोनदा सीलंट सुचवेन, एकदा पावसाळ्याआधी मे महिन्यात, एकदा दिवाळीच्या सुमारास. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर, सावलीत, स्पंजवर अगदी थोडं घेऊन, इतका पातळ थर की लावलाय की नाही अशी शंका यावी. जास्त लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना जीव जातो. धुकट झालं की मऊ फडक्याने उचलून घ्यायचं. बंपरच्या काळ्या प्लास्टिकला, वायपरखालच्या जाळीला लागू देऊ नका, तिथे पांढरे डाग बसतात आणि निघता निघत नाहीत. बरोबर बसलं की नाही हे पुढच्या धुण्याला कळतं, पाणी पसरत नाही, मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळतं.

वॅक्सच्या आधी एक चाचणी करा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या बॉनेटवरून हलकेच बोटं फिरवा. पिशवीतून खरखर फार स्पष्ट जाणवते. गुळगुळीत लागलं तर उत्तम. खरखर लागली तर ती धुण्याने न गेलेली घाण आहे, त्यासाठी क्ले मिळते, कणकेच्या गोळ्यासारखी चिकणमाती, शाम्पूच्या पाण्याने भाग ओला ठेवून ती नुसती सरकवायची, गोळा घाण झाला की मळून नवी बाजू वर आणायची. गोळा खाली पडला तर टाकूनच द्या, तो कितीही महागाचा असला तरी. स्टेशनजवळ पार्किंग असलेल्या ठाणे-डोंबिवलीच्या वाचकांना पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात, ते रेल्वेच्या ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण गंजून झालेले असतात, पत्रा गंजलेला नसतो, तेही क्लेने निघतात.

आणि सहा महिन्यांनी जाळी नकोशीच वाटली तर? तर एकदा, फक्त एकदा, ती काढा. घरीच करायचं असेल तर आधी हाताने, बारीक पॉलिश आणि फोमच्या पॅडने, बॉनेटच्या एका कोपऱ्यात फूटभर जागेवर करून बघा, तेवढ्याने भागलं तर कडक कंपाउंडला हात लावू नका. मशीन घ्यायचंच झालं तर ड्युअल अॅक्शन लिहिलेलं घ्या, त्याचं पॅड फिरताना हलतंही, एका जागी उष्णता साठत नाही. ग्राइंडरला स्पंज लावून बफिंग करणारे लोक आहेत, चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेरे घेतो, तो पत्रा कापायला बनवलाय, तो गाडीजवळही आणू नका. कडा, वळणं आणि प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावून घ्या, पंधरा रुपयांची ती टेप त्या दुपारी माझ्याकडे असती तर माझं लाल बॉनेट वाचलं असतं. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो पॉलिशने जात नाही, तिथे गाडीच्या रंगाच्या कोडचा टच-अप पेन लावा आणि सोडून द्या. बाकी टूथपेस्ट, खोबरेल तेल, राख, यातलं काहीही नको.

इतर वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी पटकन. मॅट रंगाची बाइक असेल तर पॉलिश आणि वॅक्स दोन्ही बंद, घासलं तेवढाच भाग चकचकीत होऊन डाग पडल्यासारखा दिसतो. नुकतीच पेंटरकडून आलेली गाडी असेल तर वॅक्स कधी लावायचं ते त्यालाच विचारा, ताजा रंग पूर्ण सुकायला वेळ लागतो. आणि दसऱ्याला पूजा जरूर करा, पण स्वस्तिक काचेवर काढा, हार तारेने न बांधता दोऱ्याने बांधा कारण तारेचं टोक गाडी चालताना पत्र्यावर नाचतं, आणि हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घासत बसू नका, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, चार-आठ दिवसांत आपणच फिका होतो.

आता आबा.

दादा, तुम्ही लिहिलंय "त्यांना कसं समजावू". मला वाटतं समजावायच्या आधी एक वाक्य तुम्हाला बोलायचंय. "आबा, मी चुकीचं बोललो, गोल पुसल्याने ओरखडे पडत नाहीत." तेवढंच. त्याच्यामागे "पण" लावू नका. ताट आणि टॉर्च घेऊन बसा आणि त्यांना दाखवा, ज्या माणसाने आयुष्यभर गाडी चालवली त्याला ही गंमत तुमच्यापेक्षा जास्त आवडेल.

आणि विचार करा की ते सहाला का उठत होते. ड्रायव्हरची ड्युटी गाडी बघण्यापासून सुरू होते, चाकं, काच, आरसे, मग सीटवर बसायचं. रिटायर झाल्यावर ती सकाळ रिकामी झाली होती, तुमच्या गाडीने ती भरली. तुम्ही "हात लावू नका" म्हणालात तेव्हा त्यांच्या हातातलं नुसतं फडकं गेलं नाही. म्हणून त्यांच्याकडून काम काढून घेऊ नका, काम बदलून द्या. रोज सकाळी सहाला करायला भरपूर आहे: ओल्या फडक्याने काचा आणि आरसे, टायरची हवा, वायपरचं पाणी, रात्रीतून कुठे शीट पडलीय का आणि पडली असेल तर ओलं फडकं ठेवून ती उचलणं. पत्र्याला फक्त कोरडं फडकं नाही, एवढा एकच नियम. त्यांना विचारा की डेपोत बस कशी धुवायचे. आधी पाणी मारायचे की आधी पुसायचे? मला वाटतं उत्तर तेच देतील आणि मग तुम्हाला काही समजवावं लागणार नाही.

डिझेलची सवय एकदम सुटणार नाही. त्याऐवजी त्यांच्या हातात सीलंटचा डबा द्या. चमक त्यांना हवीच आहे, ती डबा देईल. आणि रस्त्याचं डांबर दारांच्या खालच्या बाजूला उडालेलं असेल तर तिथे डिझेलचा बोळा खरंच चालतो, थोडासा लावून डांबर विरघळलं की लगेच शाम्पूने धुवायचं. तेवढी जागा त्यांच्यासाठी ठेवा.

28 हजारांतले दीड-दोन हजार काढा, त्यात शाम्पू, मोजा, दोन टॉवेल, हातपंप आणि सीलंट येईल, बादल्या घरात असतीलच. या रविवारी सकाळी सातच्या आत पंप आबांच्या हातात आणि मोजा तुमच्या हातात. मशीन अजून मागवू नका. धुऊन झाल्यावर बॉनेटवर एक जागा ठरवा, टॉर्च लावून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा, मग दर महिन्याला तीच जागा आणि तोच टॉर्च. जाळी वाढायची थांबली की नाही ते दिवाळीपर्यंत कळेल, तेव्हा फोटो पाठवा, मग कोटिंगचं परत बोलू.